सोर्स कोड मिळाला, बदलला, पण राउटर म्हणतो "तुमची सही चालत नाही"

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले कित्येक आठवडे एका राउटरने माझी झोप उडवली आहे. प्रश्न तांत्रिक आहे, पण त्याहून जास्त हक्काचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीत इंटरनेटवाला बदलला आणि जुना राउटर माझ्याकडे राहिला. तो भाड्याचा नव्हता. मी पैसे मोजून घेतला होता, पावती अजून फाइलीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. यंत्र ठणठणीत आहे आणि मागे यूएसबीचं भोक आहे. त्याला एक हार्ड डिस्क लावून घरातले पंधरा वर्षांचे फोटो ठेवले होते. जुन्या कॉम्प्युटरवरून ते दिसायचे. बाबांना नवा लॅपटॉप घेतला आणि फोटो दिसेनासे झाले. डिस्क चांगली, केबल चांगली, पण लॅपटॉप त्या फोल्डरशी बोलायलाच तयार नाही. कंपनीच्या साइटवर शेवटचं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, २०१८ चं. फोन केला तर "नवीन मॉडेल घ्या" म्हणाले.

म्हटलं, ओपनडब्ल्यूआरटी टाकू, म्हणजे कंपनीच्या जागी चालणारं मोकळं फर्मवेअर. खोक्यातल्या पत्रकावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात जीपीएल, म्हणजे बदलायची आणि वाटायची मुभा देणाऱ्या परवान्याखालचं सॉफ्टवेअर आहे, सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) हवा असेल तर अमुक पत्त्यावर लिहा. लिहिलं. दोन आठवणपत्रं आणि पाच आठवड्यांनंतर लिंक आली. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा), बिझीबॉक्स (छोट्या आज्ञांचा संच), सगळं होतं. जुना कंपायलर जुळवण्यात दोन रात्री गेल्या, पण कंपाइल झालं. आधी फक्त एका ओळीत बदल केला. सुरू होताना जो मजकूर उमटतो त्यात आमच्या गावाचं नाव घातलं, म्हणजे माझंच फर्मवेअर चालतंय हे कळावं.

मग राउटर उघडला. स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले असतात. बोर्डाच्या कडेला ओळीने चार भोकं होती, त्यांतल्या तिघांना वायर डकवून सीरियल जोडणी केली. टर्मिनलवर ओळी धावू लागल्या. बूटलोडर (यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) आला, मेमरी मोजली, फ्लॅश वाचली आणि मग एकच ओळ: सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड, म्हणजे डिजिटल सही जुळली नाही. रीस्टार्ट. परत तीच ओळ. मी मिनिटभर नुसता बघत बसलो होतो. कंपनीचं मूळ फर्मवेअर परत भरलं तर निमूटपणे सुरू झाला.

आता प्रश्न. परवाना मला सांगतो की तू हा प्रोग्रॅम बदलू शकतोस. मी बदलला. पण तो ज्या यंत्रासाठी आहे, ज्याचे पैसे मी दिले, ते यंत्र कंपनीची सही नसलेलं काही चालवणारच नसेल, तर त्या परवानगीचा उपयोग काय? कंपनीने परवाना मोडला आहे की नाही? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

डेबियनवाला

धागा वाचून जुने दिवस आठवले. तुमच्या बाबतीत जे झालं त्याला इंग्रजीत रूढ शब्द आहे, मराठीत आपण टिव्होकरण म्हणू. टिव्हो हे अमेरिकेत १९९९ मध्ये विकायला आलेलं टीव्ही रेकॉर्ड करण्याचं यंत्र. आत लिनक्स कर्नल, म्हणजे जीपीएल आवृत्ती २. कंपनीने सोर्स कोड रीतसर दिला. पण यंत्र सुरू होताना सही तपासायचं आणि बदललेला कर्नल दिसला की अडायचं. हुबेहूब तुमचीच गोष्ट.

जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांनी काढलेली संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांना हे खटकलं. आवृत्ती २ जून १९९१ ची. तेव्हा घरातल्या यंत्रात संगणक लपलेला असेल आणि तो मालकाचं ऐकणार नाही, ही कल्पनाच कोणाच्या समोर नव्हती. म्हणून जानेवारी २००६ मध्ये आवृत्ती ३ चा पहिला मसुदा आला, त्यावर दीड वर्ष कडाक्याचे वाद झाले आणि २९ जून २००७ ला ती जाहीर झाली.

तिच्या सहाव्या कलमात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरगुती वापराच्या यंत्रासोबत असं सॉफ्टवेअर दिलं, तर बदललेली प्रत त्याच यंत्रावर बसवून चालवायला जे काही लागतं ते द्यावं लागतं: पद्धत, माहिती, सही करायची किल्ली, जे असेल ते. यंत्र घरगुती की धंद्याचं अशी शंका आली तर ते घरगुतीच धरायचं, असंही तिथे स्पष्ट आहे. मात्र प्रोग्रॅम रॉममध्ये कायमचा कोरलेला असेल आणि खुद्द कंपनीलाही तो बदलता येत नसेल, तर ही अट लागू नाही. मला हे फार न्याय्य वाटतं. कंपनीने स्वतःकडे दार उघडं ठेवलं असेल तर मालकालाही ते उघडं हवं.

पण तुमच्या राउटरातला कर्नल जीपीएल आवृत्ती २ चा आहे आणि तो "आवृत्ती २ किंवा पुढची" असा नाही, फक्त २. त्यामुळे सहाव्या कलमाचा आधार कर्नलपुरता मिळत नाही.

---

मेघना_एम्बेडेड

मी चौदा वर्षं अशीच यंत्रं बनवते आहे, म्हणून कुलूप कसं बसतं ते आतून सांगते.

प्रोसेसरच्या पोटात थोडा कायमचा कोड असतो, तो कारखान्यातच घातलेला. त्याच्या शेजारी एकदाच जाळता येणारे फ्यूज असतात. उत्पादनाच्या वेळी कंपनीच्या सार्वजनिक किल्लीचा (तिने सही तपासतात) हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, त्या फ्यूजमध्ये जाळतात. एकदा जळला की जळला, कंपनीच्या मालकालाही तो परत बदलता येत नाही. वीज आली की आतला कोड बूटलोडरची सही तपासतो, बूटलोडर कर्नलची, कर्नल पुढच्या फाइलींची. साखळीत एक कडी बदलली की सगळं थांबतं. घाटमाथा, तुमची साखळी दुसऱ्या कडीला तुटली.

हे सगळं दुष्टपणाने करतात असं नाही, हे मनापासून सांगते. रस्त्यात कोणीतरी फर्मवेअर बदलून ग्राहकाच्या घरात हेरगिरीचा राउटर पोचवू नये, हे खरं कारण आहे. रेडिओचंही आहे. वायफायची ताकद आणि चॅनेल सरकारी नियमांत बसावे लागतात. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओंवर कडक धोरण घेतल्यावर २०१५ च्या सुमारास बऱ्याच कंपन्यांनी अख्खं फर्मवेअरच बंद करून टाकलं. पण त्याच एफसीसीने २०१६ मध्ये टीपी-लिंक या राउटर कंपनीशी तडजोड करताना दंड तर घेतलाच, शिवाय बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करायचं कबूल करून घेतलं. म्हणजे रेडिओला कुलूप लावायचं म्हणून घरच्या सगळ्या खोल्यांना लावायची गरज नाही, हे नियामकालाही मान्य होतं.

परवान्याबद्दल मात्र माझं मत डेबियनवाल्यांपेक्षा वेगळं आहे. लिनक्स कर्नल सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांची भूमिका मला पटते. त्यांचं म्हणणं असं: मी कोड दिला, तू त्यात सुधारणा केलीस तर ती मला दाखव, एवढीच देवाणघेवाण. तुझ्या हार्डवेअरचं काय करायचं ते तू ठरव. सप्टेंबर २००६ मध्ये कर्नलच्या दहा प्रमुख विकासकांनी आवृत्ती ३ च्या मसुद्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं होतं, त्यातही हाच सूर होता. सॉफ्टवेअरच्या परवान्याने यंत्र कसं बांधायचं ते सांगू लागलं तर त्याला शेवट कुठे?

---

डेबियनवाला

मेघनाताई, टोरवाल्ड्स यांचा मुद्दा विकासकाच्या जागेवरून बरोबर आहे. त्यांना सुधारणा परत मिळतात. पण घाटमाथा यांना काय मिळालं? त्यांच्या जागेवर बसून बघा. देवाणघेवाण कंपनी आणि कर्नलवाले यांच्यात पूर्ण झाली आणि ज्याने पैसे मोजले तो माणूस हिशेबातच नाही. जीपीएल जन्माला आली तीच यंत्र वापरणाऱ्याच्या अडचणीतून. स्टॉलमन यांना एमआयटी विद्यापीठातल्या, कागद अडकणाऱ्या प्रिंटरचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता आणि सोर्स मिळत नव्हता, हा किस्सा त्यांनी अनेकदा सांगितला आहे. समजा तो सोर्स मिळाला असता, पण प्रिंटरने सही मागितली असती, तर त्यांचा कागद सुटला असता का?

आणि आवृत्ती २ मध्ये यंत्रावर बसवण्याबद्दल काहीच नाही, असंही म्हणता येत नाही. तिसऱ्या कलमात संपूर्ण सोर्स कोडची व्याख्या आहे. तीत कंपाइल करण्याच्याच नव्हे तर इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही येतात, हे शब्द १९९१ पासून आहेत. मोकळ्या सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेचे ब्रॅडली कुन वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत. त्यांच्या मते टिव्होची गोष्टसुद्धा लोक अर्धवट सांगतात. बदललेला कर्नल त्या यंत्रावर बसवता येत होता, फक्त नंतर कंपनीचा स्वतःचा बंदिस्त प्रोग्रॅम चालायला नकार द्यायचा. (माझ्या वरच्या प्रतिसादात मी प्रचलित गोष्ट सांगितली, ही बाजूही नोंदवून ठेवतो.) यातला फरक मोठा आहे. कंपनीचा प्रोग्रॅम बंद पडला तर चालेल, मी माझा लिहीन. यंत्रच उठणार नसेल तर मी काय लिहू?

म्हणून घाटमाथा, आलेल्या सोर्समध्ये फ्लॅशची प्रतिमा बांधून ती राउटरवर चढवण्याची स्क्रिप्ट आहे का ते बघा. नसेल तर कंपनीला आवृत्ती २ च्या तिसऱ्या कलमाचा हवाला देऊन ती मागा. किल्ली मागण्याचा हक्क त्यातून निघतो का, यावर वकिलांत मतभेद आहेत. स्क्रिप्टबद्दल मात्र शब्द स्वच्छ आहेत.

---

नेकारकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे हे वाद प्रत्यक्ष न्यायालयात लढले गेले आहेत.

हॅराल्ड वेल्टे हे कर्नलच्या नेटफिल्टर, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या भागाचे एक लेखक. २००४ मध्ये त्यांनी एका राउटर कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि जीपीएल न्यायालयात टिकते हे दिसलं. पण तुमच्याशी जास्त जुळणारा खटला त्यानंतरचा. इथे घरोघरी फ्रिट्झबॉक्स नावाचा लाल राउटर असतो, बनवणारी कंपनी एव्हीएम. सायबिट्स नावाची दुसरी कंपनी मुलांसाठी इंटरनेट गाळणारं सॉफ्टवेअर विकायची, ते फ्रिट्झबॉक्सचं फर्मवेअर बदलून चालायचं. एव्हीएम न्यायालयात गेली: फर्मवेअर एकसंध आमचं आहे, कोणीही त्याला हात लावायचा नाही. वेल्टे स्वतःहून खटल्यात उतरले, कारण त्या फर्मवेअरच्या पोटात त्यांचा कोड होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने सांगितलं की जीपीएलखालचे भाग बदलण्याला एव्हीएम मनाई करू शकत नाही. एका बाबतीत एव्हीएमचं ऐकलं: बदललेल्या राउटरच्या पानावर इंटरनेटची स्थिती चुकीची दिसत असेल तर ते चालणार नाही, कारण लोक दोष एव्हीएमला देतील. मला ही रेघ फार नेमकी वाटली. बदल करा, पण तुमच्या चुका दुसऱ्याच्या नावावर खपवू नका.

अर्थात हा निकाल "बदलू नका" म्हणणाऱ्या कंपनीविरुद्ध होता. तुमची कंपनी "खुशाल बदला" म्हणते आणि यंत्राला सांगून ठेवते की उठू नकोस.

---

पाटीपेन्सिल

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. बदललेलं सॉफ्टवेअर मूळ नावानेच वाटता येतं का? की प्रत्येक परवान्यात वेगळं आहे?

---

डेबियनवाला

@पाटीपेन्सिल, वेगवेगळं आहे. जीपीएल २ म्हणते की बदललेल्या फाइलीत तुम्ही बदल केल्याचं आणि केव्हा केला ते ठळक लिहा. अपाचे २.० या परवान्यातही बदलाची नोंद सक्तीची. एमआयटी परवान्यात एवढंच की मूळ हक्काची ओळ आणि परवाना काढू नका. झेडलिबचा परवाना सांगतो की बदललेली प्रत मूळ म्हणून मिरवू नका. नाव हा मात्र बहुतेक वेळा ट्रेडमार्कचा विषय असतो. डेबियन या लिनक्स प्रणालीने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल केले, तो बनवणाऱ्या मोझिलाला ते आपल्या नावाखाली नको होते, म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनवर तोच ब्राउझर आइसवीझल नावाने चालला. कोड मोकळा, नाव राखीव. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे विषय भरकटेल.

---

कलमदान

भारतातल्या कायद्याबद्दल दोन शब्द, कारण धागाकर्ते इथे राहतात. मी वकिली करते, पण हा सल्ला समजू नये.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ऐकून लोक घाबरतात, पण कलम पूर्ण वाचा. कॉपीराइट हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तरच गुन्हा, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर त्याला स्पष्ट सूट. ज्या कोडला परवान्यानेच बदलायची मुभा आहे, तो स्वतःच्या यंत्रावर चालवण्यात हक्काचा भंग कुठे? शिवाय कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमच्या कायदेशीर ताबेदाराला तो इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आतली माहिती काढायची मुभा आहेच. अमेरिकेत १९९८ चा कायदा याहून कडक आहे, दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. राउटरचं फर्मवेअर बदलण्यासाठीची सवलत तिथे २०२१ मध्ये मिळाली.

अमेरिकेचा एक खटला लक्षात ठेवा. कॉन्झर्व्हन्सीने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. त्याची खुबी ही की दावा कोडचा लेखक म्हणून नाही, टीव्ही विकत घेणारा ग्राहक म्हणून आहे. परवाना हा करार आहे आणि ग्राहक त्या कराराचा लाभार्थी आहे, अशी मांडणी. पैसे मागितलेले नाहीत, सोर्स कोड मागितला आहे. डेबियनवाले म्हणाले ना, ग्राहक हिशेबातच नाही? त्याला हिशेबात आणायचा हा प्रयत्न आहे.

---

मेघना_एम्बेडेड

घाटमाथा, काल रात्री तुमचा पहिला प्रतिसाद परत वाचला आणि एक गोष्ट खटकली. हार्ड डिस्कवरचे फोटो नव्या लॅपटॉपवर दिसत नाहीत म्हणालात. आलेल्या सोर्समध्ये सॅम्बाचा फोल्डर असेल. त्याच्या नावात आकडा काय आहे ते बघून सांगाल?

---

घाटमाथा (धागाकर्ता)

मेघनाताई, सॅम्बा ३.०.३७. का?

---

मेघना_एम्बेडेड

वाटलंच होतं. जे आता लिहिते ते लिहायला मला जड जातंय.

सॅम्बा म्हणजे विंडोजच्या फोल्डरशी बोलणारा प्रोग्रॅम. ३.२ पासून तो जीपीएल आवृत्ती ३ वर गेला. ३.०.३७ ही आवृत्ती २ खालच्या मालिकेतली शेवटची, २००९ ची. ती एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉलच बोलते. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ मुळात बसवणंच बंद केलं, कारण तो असुरक्षित आहे. बाबांचा लॅपटॉप म्हणून बोलत नाही.

तुमच्या कंपनीने काय विचार केला ते मी सांगू शकत नाही. मी जिथे काम केलं तिथे नियम होता: आवृत्ती ३ चं काही आत येऊ द्यायचं नाही. कायदा विभागाची एक यादीच असायची. कारण आवृत्ती ३ चा एक जरी प्रोग्रॅम आत आला, तरी तो बदलून बसवण्याची सोय द्यावी लागली असती आणि कुलूप आमच्या सोयीने राहिलं नसतं. ॲपलनेही मॅकवर बॅश (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) ३.२ च्या पुढे नेला नाही, कारण पुढची आवृत्ती जीपीएल ३ ची. आजही मॅकच्या टर्मिनलमध्ये बॅशची आवृत्ती विचारा, २००७ सालचा कॉपीराइट दिसेल. २०१९ मध्ये त्यांनी मूळ शेल म्हणून झेडशेल घेतला.

मी वर म्हटलं की परवान्याने हार्डवेअरमध्ये पडू नये. तत्त्व म्हणून अजूनही मला ते पटतं. पण तुमच्या घरात काय झालं बघा. कुलूप टिकवायचं म्हणून जुना प्रोग्रॅम ठेवला जातो, कुलपामुळे तुम्हाला नवा घालता येत नाही, आणि फोटो मध्ये अडकतात. मी सुरक्षेसाठी कुलूप म्हणाले होते. इथे तेच कुलूप एक असुरक्षित प्रोटोकॉल जपत बसलंय. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

नेकारकाठ

ताई, हा प्रतिसाद लिहिल्याबद्दल आदर. आतल्या माणसाने असं सांगणं दुर्मीळ आहे.

एक भर. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरात लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांनी शोधून काढलं, सोर्स मागितला, तो मिळाला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. परवाना तोच, जीपीएल २. फरक एवढाच की त्या राउटरला सही तपासायची अक्कल नव्हती. आज तो राउटर कुलूप लावून आला असता तर सोर्स मिळूनही ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं नसतं.

---

घाटमाथा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी.

कंपनीला तिसऱ्या कलमाचा हवाला देऊन पत्र पाठवलं. बारा दिवसांनी नवी लिंक आली. प्रतिमा बांधायची स्क्रिप्ट आता आत आहे, पहिल्या वेळी ती वगळली होती. पण स्क्रिप्ट शेवटच्या पायरीला सहीची फाइल मागते आणि ती फाइल दिलेली नाही. किल्लीबद्दल विचारलं तर "सुरक्षेच्या कारणास्तव देता येणार नाही". उत्तर जपून ठेवलंय, कलमदान यांच्याशी खाजगीत बोलणार आहे.

दरम्यान ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत नाव बघून एक जुना राउटर पुण्याच्या ओळखीच्या दुकानातून साडेआठशेला घेतला. अर्ध्या तासात बसवला, ताजा सॅम्बा घातला, डिस्क लावली. बाबांनी लॅपटॉपवर फोल्डर उघडला आणि पहिला फोटो आला तो आजीचा, अंगणात वाटाणे सोलतानाचा. मी त्यांना कुलपाचं काही सांगितलं नाही.

---

पाटीपेन्सिल

दादा, आमच्या कॉलेजच्या भंगारात त्याच छापाचे चार राउटर पडलेत. सर म्हणाले उघडून बघा. सीरियलसाठी कोणता ॲडॉप्टर घेऊ?

---

घाटमाथा (धागाकर्ता)

३.३ व्होल्टचा घे, ५ चा अजिबात नको, बोर्ड जळेल. चार भोकांपैकी वीजपुरवठ्याचं भोक मोकळंच सोड, जमीन, पाठवणं आणि घेणं एवढ्या तीनच वायर जोड. काहीच अक्षरं दिसली नाहीत तर पाठवणं आणि घेणं आपसांत बदलून बघ. आणि उघडण्याआधी सोर्स मागणारं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर पाठवून ठेव, म्हणजे पाच आठवडे त्यातच जातील तोवर तुमचं डकवणं शिकून होईल. पत्राचा मसुदा संध्याकाळी इथेच टाकतो.